आपले रॉकवाले म्हातारे झाले. त्यांचं आजचं गाणं तुम्ही ऐकता का?

डेक्कनवाला

हेवी मेटलवाला गायक ऑझी ऑस्बर्न याच्या शेवटच्या कार्यक्रमावरून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर बरीच वादावादी झाली. ती डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतोय.

५ जुलै २०२५, बर्मिंगहॅममधलं व्हिला पार्क मैदान. पार्किन्सन्समुळे ऑझीला उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. शेवटी त्याच्या ब्लॅक सॅबाथ या बँडचे मूळचे चौघे, म्हणजे ऑझी, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड, एकत्र आले आणि 'वॉर पिग्ज', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड' वाजवून थांबले. २२ जुलैला ऑझी गेला. ग्रुपवर काही जणांचं म्हणणं पडलं की हे बघवत नाही, या लोकांनी साठीलाच थांबायला हवं होतं, म्हणजे आपल्या मनातला ऑझी जसाच्या तसा राहिला असता.

मला हे अजिबात पटत नाही. मनातला ऑझी टिकवण्याची जबाबदारी ऑझीवर कशी काय? त्याने आपल्याला १९७० सालीच दोन रेकॉर्ड देऊन ठेवल्या आहेत. त्या कुणी काढून घेतलेल्या नाहीत.

मी या संगीतात शिरलो तो कॅसेटच्या काळात. कॅम्पातल्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि आठवड्याने भरलेली नव्वद मिनिटांची कॅसेट आणायची. एका बाजूला डीप पर्पलचं 'मशीन हेड', दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून'. ते त्रेचाळीस मिनिटांचं असल्यामुळे एका बाजूत कसंबसं मावायचं. कव्हर नाही, फोटो नाही, गाणाऱ्यांची नावं दुकानदाराने पेनाने लिहिलेली. आम्हाला ही माणसं दिसलीच नव्हती हो. आम्ही त्यांच्या तारुण्याच्या प्रेमात पडलो नव्हतो, आवाजाच्या पडलो होतो. आवाज माणसाबरोबर म्हातारा होणारच.

२००३ च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबर्न स्टेडियमवर आले तेव्हा पुण्याहून आम्ही मोठा घोळका करून गेलो होतो. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा एकोणसाठचा. तेव्हाही लोक म्हणायचे, आता कशाला हे म्हातारे बघायचे. त्यानंतर काय झालं बघा. २०१९ साली त्याच्या हृदयाची झडप बदलली, आणि त्याच उन्हाळ्यात तो परत स्टेजवर पळत होता. २०२१ मध्ये त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला. २०२३ मध्ये त्यांनी 'हॅकनी डायमंड्स' काढला, स्वतःच्या नव्या गाण्यांचा अठरा वर्षांनंतरचा पहिला अल्बम. जॅगरने ऐंशीच्या उंबरठ्यावर गायलेलं त्यात ऐकायला मिळतं, आणि ते ऐकताना मला सवलत द्यावी लागत नाही.

आपण पुणेकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं. सत्तरी-ऐंशीतला गवय्या कसा ऐकायचा हे या गावाला सवाईच्या मांडवात बसून कळलेलं आहे. २००७ साली भीमसेनजी सवाईत पुन्हा गायला बसले तेव्हा मांडवातलं कुणी पूर्वीच्या तानांचा हिशेब मांडत नव्हतं. मग गिटार हातात आली की आपला कान एवढा कंजूष का होतो?

तुमचं काय मत आहे?

---

मंद्रसप्तक

धागा आवडला. मी रॉक फारसं ऐकत नाही, मुलामुळे थोडंफार कानावर पडतं. पण सवाईचा विषय काढलात म्हणून लिहिते.

आमच्याकडे सवाईला रमणबागेच्या काळापासून जाणं आहे, आईचं बोट धरून. वयस्क गाणं ऐकण्यात दया नसते, हे पहिलं सांगायला हवं. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या पुढे गेले तरी गात होते आणि जाणकार त्यांच्याकडे धावत होते, ते वयाचा मान राखायला नव्हे. राग कुठून उचलायचा, किती सांगायचा, कुठे सोडून द्यायचा, हे त्या वयात जास्त नेमकं होतं. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या दुखण्यानंतर पार बदलला, भारदस्त झाला, आणि आज आपण त्यांना त्याच आवाजाने ओळखतो. आधीचा पातळ आवाज फक्त जुन्या तबकड्यांवर आहे.

एक शंका आहे. ख्यालात गायक आपला सा आपण ठरवतो. तरुणपणी काळी दोनमध्ये गाणारा माणूस पुढे खाली उतरून पांढरी एकमध्ये गाईल, तानपुरे तसे लावून घेईल, कुणी आक्षेप घेणार नाही. तुमच्या रॉकमध्ये ही सोय आहे का? गाणं ज्या पट्टीत रेकॉर्ड झालं त्याच पट्टीत जन्मभर गावं लागत असेल, तर पन्नास वर्षांनी त्या माणसाचे हाल होणारच.

---

सहातारा

मंद्रसप्तक, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मी गिटार वाजवतो, पुण्यात पबमध्ये आणि कॉलेजांच्या कार्यक्रमांत बरीच वर्षं वाजवलंय, त्यामुळे यावर सविस्तर लिहितो.

सोय आहे, पण तुमच्याइतकी सोपी नाही. गिटारवरचे बरेच गाजलेले तुकडे मोकळ्या तारेवर उभे असतात. खालची जाड तार मोकळी सोडली की जो ई हा स्वर वाजतो, त्याच्या घुमण्यावर अख्खं गाणं पेललेलं असतं. पट्टी बदलायची म्हणून बोटं दुसऱ्या घरात नेली तर स्वर मिळतात, पण तो घुमार जातो. म्हणून मंडळी अख्खी गिटारच उतरवतात. सगळ्या तारा अर्धा स्वर ढिल्या करायच्या. मग बोटं जिथल्या तिथे राहतात, मोकळी तार मोकळीच राहते, आणि गाणाऱ्याला अर्धा स्वर खाली मिळतो. अजून लागलं तर पूर्ण स्वर. तारा ढिल्या झाल्या की लडबडतात, त्यासाठी जाड तारांचा संच चढवायचा. बेसवाल्याने तेच करायचं. कीबोर्डवाल्याला एक बटण दाबलं की झालं.

साठीच्या पुढचे बरेच गायक हे करतात, आणि ऐकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते कळतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट खाली आणलेलं गाणं पुष्कळदा जास्त वजनदार लागतं.

आणि याचं मूळ बघा कुठे जातं. ब्लॅक सॅबाथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. तारा दाबताना त्रास व्हायचा म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या उतरवायला लागला. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या १९७१ च्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तब्बल दीड स्वर खाली आहे. पुढच्या पन्नास वर्षांतल्या सगळ्या हेवी मेटलचा तो काळाकुट्ट आवाज त्या दुखऱ्या हातातून आला. शरीर साथ देत नाही म्हणून संगीत बदलणं हे म्हातारपणीचं लाचार काम नाही, या बँडने ते विशीतच केलंय.

---

पानशेत

मला मात्र धागाकर्त्याचं म्हणणं मान्य नाही, आणि प्रेम कमी आहे म्हणून नाही. माझ्याकडे रश या बँडचा एकूण एक अल्बम आहे, हे आधी सांगतो.

पट्टी उतरवून प्रामाणिकपणे गाणाऱ्याबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार टेपबद्दल आहे. आधी रेकॉर्ड केलेला आवाज मागून सोडायचा, वरचे स्वर त्यातून येणार, आणि समोर माणूस तोंड हलवणार. नावं घेत नाही. एका मैदानावर मी हे डोळ्यांनी बघितलं. गायकाने माइक खाली घेतला आणि आवाज सुरूच राहिला. तिकिटाला महिन्याच्या घरभाड्याएवढे पैसे मोजले होते. पैशांपेक्षाही, माझ्या बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते लागलं, कारण तिला मी आठवडाभर या माणसाबद्दल सांगत होतो.

म्हणून मला रशचं उदाहरण मोठं वाटतं. त्यांचा ड्रमर नील पर्ट, त्याच्या खांद्यांनी आणि पायांनी साथ सोडायला सुरुवात केली होती. त्याला स्वतःच्या मापापेक्षा कमी वाजवायचं नव्हतं. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि थांबला. ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगाने गेला. जे शेवटचं ऐकलं ते पूर्ण भरलेलं होतं. डायर स्ट्रेट्सवाल्या मार्क नॉफ्लरनेही २०१९ नंतर दौरे बंद केले. तो गाणी लिहितो, रेकॉर्ड करतो, ते पुरे आहे.

थांबता येणं ही कलेचीच एक बाजू आहे असं मी मानतो.

---

डेक्कनवाला

पानशेत, टेपच्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूला आहे. मूळ पोस्टमध्ये ते लिहायला हवं होतं असं नाही म्हणणार, कारण मला वाटतं तो वेगळाच गुन्हा आहे. त्यात म्हातारपण लपवलं जातं. मी म्हणतोय ते म्हातारपण उघड ठेवून गाणाऱ्यांबद्दल.

डीप पर्पलचा गायक इयन गिलनचं उदाहरण घ्या. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या त्याच्या किंकाळ्या १९७० च्या अल्बममधल्या. जन्म १९४५ चा, म्हणजे पंचविशीचा आवाज. डीप पर्पलने २००२ नंतर ते गाणं वाजवलेलं नाही. टेप लावून सहज उरकता आलं असतं, जगभर लोक त्यासाठी ओरडत असतात. त्याने गाणं खाली ठेवलं आणि जी गाणी आजच्या गळ्याला पेलतात ती घेतली. २०२४ मध्ये नवा अल्बमही काढला. यात तुम्ही म्हणता तसं थांबणंही आहे आणि मी म्हणतो तसं चालू राहणंही आहे.

लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांटनेही तेच केलं. झेपलिन १० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये एका रात्रीपुरतं एकत्र आलं, आणि मग सगळं जग मागे लागलेलं असताना तो परत झेपलिनच्या दौऱ्यावर गेला नाही. तो गायिका अ‍ॅलिसन क्राउसबरोबर हळू आवाजात गात बसला. त्यांच्या 'रेझिंग सँड'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा पहिली दोन गाणी माझा झेपलिनवाला प्लांट शोधत होतो. तिसऱ्या गाण्याला शोधणं थांबवलं आणि मग तो सापडला.

---

हडपसर एक्स्प्रेस

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान. माझ्या पिढीला हे सगळे म्हातारेच मिळाले! त्यामुळे आधीचा आणि आत्ताचा असा फरक माझ्या मनात तयारच झालेला नाही.

मी रॉकपर्यंत पोचले ती एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवामुळे. २०१० ला तो पुण्यातच सुरू झाला आणि आमच्या हडपसरच्या बाजूला व्हायला लागला तेव्हा रात्री गच्चीवरून ऐकू यायचा. २०१६ ला स्टीव्हन विल्सन आला, २०१८ ला गिटारवाला जो सॅट्रिआनी. सॅट्रिआनी तेव्हा साठीचा होता, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. वाजवताना वयाचा विचारही मनात आला नव्हता.

मे २०२५ मध्ये गन्स एन रोझेसला बाबांना घेऊन महालक्ष्मी रेसकोर्सवर गेले. सकाळी पुण्याहून निघालो, उकाड्याने जीव नकोसा झाला होता. बाबांना गुडघ्याचा त्रास, तरी ते बसले नाहीत. त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ वरच्या स्वरांत पूर्वीसारखा फिरत नाही हे मलाही कळलं. पण 'नोव्हेंबर रेन'ला तो पियानोवर बसला आणि बाबा ज्या आवाजात गायला लागले, तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. त्यांना इंग्रजी गाण्याचे शब्द पाठ आहेत हेच मला माहीत नव्हतं. रोझ त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. येताना एक्स्प्रेस वेवर ते म्हणाले, त्याला जमतंय तर मलाही जमेल, आणि दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची वेळ घेतली, जी ते वर्षभर टाळत होते.

पानशेत काका, तुमचा मुद्दा समजतो. पण नील पर्टने थांबायचं ठरवलं तेव्हा मी शाळेत होते. थांबलेल्यांचं मला फक्त रेकॉर्डिंग मिळतं.

---

कानघसा

या विषयावर गप्प बसणं मला शक्य नाही, कारण रोज लोकांचे घसे आणि कान तपासतो.

वय वाढतं तसे स्वरयंत्रातले स्नायू बारीक होतात, स्वरपट्ट्यांची लवचिकता कमी होते, त्या नीट मिटत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. म्हणून म्हातारा आवाज हवेशीर, किंचित कंप पावणारा लागतो. फुप्फुसांची ताकद कमी झाल्यामुळे लांब ओळ एका दमात जात नाही. पुरुषांचा बोलण्याचा आवाज थोडा पातळ होतो, बायकांचा जाड होतो. सगळ्यात आधी जातात ते वरचे आणि ताणून धरायचे स्वर. रॉकची नेमकी तीच चैन आहे. ख्यालगायक मंद्रात आणि मध्यात तासभर रमू शकतो, रॉक गायकाला चार मिनिटांत शिखर गाठायचं असतं. त्यामुळे तुलना करताना हेही ध्यानात घ्यावं: त्यांचं काम शरीराला जास्त महाग पडतं.

रियाज असलेला गळा मात्र या सगळ्याला बराच काळ तोंड देतो. ज्यांनी मधल्या वर्षांत गाणं सोडलं त्यांचा आवाज परत आणणं फार कठीण जातं. म्हणून साठीला थांबून मग कधीतरी परत यायचं, हे गळ्याच्या दृष्टीने शक्य नसतं. चालू ठेवा किंवा सोडा.

दुसरं, ऐकणाऱ्यांचे कान. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ साली डॉक्टरांनी बजावलं की आत्ता थांबला नाहीस तर पूर्ण बहिरा होशील, आणि त्याला दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. पुढे कानातल्या नव्या यंत्रणेच्या मदतीने तो परत आला. आपण प्रेक्षक त्याच स्पीकरांसमोर उभे असतो. उंच स्वर ऐकण्याची कानाची ताकद एकदा गेली की परत येत नाही. मोठ्या कार्यक्रमाला जाताना कानात घालायची बुचं न्या. औषधाच्या दुकानात मिळणारी फोमचीही चालतील. गणपतीतल्या डीजेलाही हेच लागू.

---

जुना बाजार

चर्चा छान चाललीय. मी रेकॉर्डवाला माणूस. रविवारी सकाळी जुन्या बाजारात फिरणं हा माझा नेम, त्यामुळे थोडं जुन्यातलं.

हे लोक आपल्यापासून फार लांबचे आहेत असं समजू नका. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड त्या शाळेत झाला. पुण्याहून दोन-अडीच तासांचा रस्ता. तो पंचेचाळिशीत गेला, त्याचा म्हातारा आवाज आपल्याला मिळालाच नाही, आणि ज्यांना म्हाताऱ्यांनी थांबावं असं वाटतं त्यांना मी दर वेळी हेच विचारतो की फ्रेडीचा सत्तरीतला एक अल्बम मिळाला असता तर तुम्ही तो बंद केला असता का. प्लांट आणि झेपलिनचा गिटारवाला जिमी पेज १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले. कवी-गायक लेनर्ड कोहेन नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला येऊन बसायचा.

कोहेनवर तर वेगळा धागा निघेल. त्याच्या व्यवस्थापिकेने त्याची आयुष्याची पुंजी उडवली म्हणून त्र्याहत्तराव्या वर्षी, २००८ ला, त्याला परत दौऱ्यावर निघावं लागलं. पैशासाठी निघालेला तो म्हातारा तीन-तीन तास गायला. आवाज तळघरात गेलेला, जवळपास बोलणंच. २००८ च्या जुलैमधल्या लंडनच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, ते मी तरुण कोहेनच्या वर ठेवतो. हयातीतला शेवटचा अल्बम 'यू वाँट इट डार्कर' ऑक्टोबर २०१६ ला आला, नोव्हेंबरमध्ये तो गेला.

आणि आपल्याकडच्यांना विसरू नका. रॉक मशीन हा बँड १९८४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे त्याचाच इंडस क्रीड झाला. धोबी तलावच्या रंगभवनात आम्ही यांना ऐकलंय, डेक्कन क्वीनने जायचं आणि रात्री मिळेल त्या गाडीने परत. रंगभवन आवाजाच्या नियमांमुळे बंद पडलं. त्याच नियमांनी सवाईची रात्र रात्र चालणारी मैफल दहाला आणून ठेवली. इंडस क्रीड १९९७ ला फुटला, २०१० ला परत जमला, २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' काढला. तेव्हा त्यातली जुनी मंडळी पन्नाशीच्या आसपास. त्या अल्बमबद्दल फार कमी लिहिलं गेलं याचं मला वाईट वाटतं. जॅगरच्या वयाचं कौतुक करतो, तेवढं घरच्यांचंही व्हायला हवं.

---

मंद्रसप्तक

जुना बाजार, तुमच्यामुळे काल रात्री कोहेनचं ते लंडनचं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यांदा मला वाटलं, यात गाणं कुठे आहे? स्वर दोन-चारच. मग ध्यानात आलं की तो शब्दाच्या आधी आणि नंतर किती थांबतो. ती जागा ठेवणं तरुणाला जमत नाही, त्याला भरायची घाई असते. आमच्या गुरू म्हणायच्या तसं ठहराव म्हणजे हेच. रात्री दोन वाजले. मुलगा उठून बघायला आला.

सहातारा, तारा उतरवण्याचं समजावून सांगितलंत त्याबद्दल आभार. आता मला कळलं की त्यांच्याकडे अख्खा वाद्यमेळ एका गळ्यासाठी खाली उतरतो. आमच्याकडे तानपुरे आणि पेटी उतरतात. फार वेगळं नाही.

---

पानशेत

कानघसा यांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, की थांबलं तर परतीचा रस्ता नसतो. तरी टेपबद्दलचं मत कायम, आणि नील पर्टबद्दलचंही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रशच्या उरलेल्या दोघांनी, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसनने, अनिका नाइल्स ही ड्रमर घेऊन २०२६ चा दौरा जाहीर केला, तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. पर्टच्या जागी दुसरं कुणी बसलेलं मला सहन होईल असं वाटत नव्हतं.

मग माल्कम यंग आठवला. एसी/डीसीचा ऱ्हिदम गिटारवाला, बँडचा कणा. स्मृतिभ्रंश सुरू झालेला असताना 'ब्लॅक आइस'च्या दौऱ्यात स्वतःच रचलेले तुकडे तो पुन्हा पुन्हा शिकून स्टेजवर जायचा. २०१७ ला गेला. त्याला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नसती. म्हणजे माझा नियम सगळ्यांना लागू पडत नाही. पर्टने थांबणं हे पर्टचं होतं, माल्कमने न थांबणं माल्कमचं.

हडपसर एक्स्प्रेस, तुझ्या बाबांना नमस्कार सांग. गुडघा कसा आहे?

---

हडपसर एक्स्प्रेस

सांगितला, काका. गुडघा पुष्कळ बरा आहे, पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्या चढतात. मला म्हणाले, विचार त्यांना, रश कुठून सुरू करायचं?

---

पानशेत

'मूव्हिंग पिक्चर्स'पासून. १९८१. पहिली बाजू सलग ऐकायला सांग, मध्ये फोन घ्यायचा नाही. ते आवडलं तर २०१२ चा 'क्लॉकवर्क एंजल्स', त्यांचा शेवटचा. तिघेही तेव्हा साठीला टेकलेले होते, आणि तो त्यांच्या उत्तम अल्बमांपैकी एक आहे, असं मी या धाग्याच्या आधीही म्हणायचो.